गेलेल्या माणसाचे नवे गाणे

माझे माहेर मंद्रूपचे. सोलापुरातून विजापूरच्या सडकेला लागले की तासाभराच्या आत येणारे हे गाव. घरात मराठी, शेजारणीशी कानडी आणि बाजारात दोन्हींची मिसळ, अशी आमच्याकडची बोली. दर दिवाळीला भाऊबिजेसाठी मी तिथे जाते. महाविद्यालय, उत्तरपत्रिका, व्याकरण हे सारे चार दिवस विसरते आणि कुणाची आत्या तर कुणाची अक्का होऊन राहते.

गोष्ट आहे २०२३ सालच्या दिवाळीची. उसाचे दिवस होते. ज्यांनी आमच्या भागातला हंगाम पाहिलेला नाही त्यांना एवढे सांगितले पाहिजे की, इकडे उसाचा ट्रॅक्टर दिसण्याआधी ऐकू येतो. चाकांवर मोठाले कर्णे, रंगीबेरंगी दिवे, आणि मागच्या ट्रॉलीतला ऊसही ठेका धरील अशी गाणी! भाऊबिजेच्या दुपारी माझा भाचा असाच गर्जत दारात आला. कर्ण्यातून कोणी पंजाबी मनुष्य इतक्या आवेशाने आणि इतक्या झपाट्याने बोलत होता की मी हातातली चकलीची सोऱ्या खाली ठेवली.

"अरे, आवाज कमी कर जरा! हे गाणे आहे की भांडण?"

"रॅप आहे आत्या. सिद्धू मूसेवाला. नवीन गाणं आहे, परवा लक्ष्मीपूजनादिवशीच आलंय."

"मग त्याला म्हणावे, दिवाळीत तरी जरा हळू गा."

भाचा हसला नाही. ट्रॅक्टर बंद करून तो म्हणाला, "तो नाही आत्या. मेलाय तो. दीड वर्ष झालं."

"मेला? मग हे नवे गाणे म्हटले कुणी?"

"त्यानंच."

त्या 'त्यानंच'पुढे मला काही बोलता येईना. ओवाळणीच्या ताटात निरांजन तेवत होते, आणि मेलेला माणूस नवे गाणे म्हणतो यात भाच्याला काहीच नवल वाटत नव्हते. मला मात्र त्या दिवसापासून या विषयाने धरले. पुढे तो विषय माझ्याच दारात येऊन उभा राहील, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

तालावरचे बोलणे

रॅप म्हणजे काय, हे घरातल्या वडील मंडळींसाठी थोडक्यात सांगते. सूर फारसा न लावता, घट्ट यमके जुळवीत, ठेक्यावर झपाट्याने बोललेले काव्य म्हणजे रॅप. १९७० नंतरच्या दशकात न्यू यॉर्कच्या काळ्या वस्त्यांत ते वाढले. आपल्याला त्यात फार परके वाटण्याचे कारण नाही. कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर डफावर थाप मारून एकमेकांना कूटप्रश्न घालीत, उत्तर आले नाही की भर सभेत पाणउतारा करीत. ज्या सोलापुरात रामजोशांसारखा शब्दांचा धबधबा होऊन गेला, त्या सोलापूरकरांनी तरी या प्रकाराला नाक मुरडू नये.

मूसेवाल्याचे खरे नाव शुभदीपसिंग सिद्धू. पंजाबातल्या मानसा जिल्ह्यातले मूसा हे त्याचे गाव. गावाचेच नाव त्याने लावले. शेतकऱ्याच्या घरातला हा मुलगा ट्रॅक्टरवर गाणी करी, आणि म्हणूनच आमच्या उसाच्या ट्रॅक्टरवर त्याचे चित्र दिसते. त्याच्या गाण्यांत बंदुका फार. ते मला आवडत नाही, आणि भाच्याला मी ते सांगितलेही आहे. २९ मे २०२२ रोजी त्याच्या गावाजवळच भर रस्त्यात गोळ्या घालून त्याचा खून झाला. वय अठ्ठावीस. तेरा दिवसांनी एकोणतीस पुरी व्हायची होती.

पुढचा महिना संपण्याआधीच त्याचे नवे गाणे आले. सतलज-यमुना कालव्याच्या पाण्यावरचे ते गाणे कोट्यवधींनी ऐकले, आणि तीन दिवसांत सरकारच्या तक्रारीवरून ते भारतात बंद झाले. उजनीच्या पाण्यावरून हमरीतुमरीवर येणाऱ्या आमच्या भागाला पाण्याच्या गाण्याची ताकद निराळी सांगायला नको. मग एकामागून एक गाणी येत राहिली. त्यांतल्या एकात मुंबईच्या अंधेरी भागात वाढलेल्या डिव्हाईनचा आवाज त्याच्या जोडीला आहे. भाच्याने ऐकवलेले 'वॉच आऊट' हे १२ नोव्हेंबर २०२३ चे, म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशीचे. आणि ११ जून २०२५ रोजी, त्याच्या वाढदिवशी, एकदम तीन गाणी आली.

चाहते ही गाणी कशी ऐकतात? भाच्याचे पाहून मी सांगते: पोस्टमनने उशिरा आणून दिलेले पत्र वाचावे, तशी. त्यात ते खाणाखुणा शोधतात. मूसेवाल्याच्या एका गाजलेल्या गाण्याचे नाव '२९५'. हा दंडविधानातल्या एका कलमाचा आकडा. पण त्याचा खून झाला तो दिवस एकोणतिसावा आणि महिना पाचवा. तेव्हा त्याला आपले मरण आधीच कळले होते, असे हजारो तरुण मनोभावे मानतात. हसू नये. ज्ञानेश्वरांच्या समाधीच्या आणि तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या आधीच्या शब्दांत निरोपाचे सूर आपणही शोधतोच की.

तीन जातींचे वारसे

हा प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला तो अमेरिकेत. टुपाक शकूर हा तिथला रॅपचा जणू लोकशाहीर. लास व्हेगासला त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि १३ सप्टेंबर १९९६ ला पंचविसाव्या वर्षी तो वारला. हयातीत त्याच्या एकट्याच्या नावावर चार अल्बम निघाले होते. मागून सहा निघाले. जिवंत टुपाकपेक्षा मेलेला टुपाक अधिक बोलला! त्यामुळे तो मेलेलाच नाही, कुठे तरी लपून बसून गाणी धाडतो आहे, अशी समजूत वर्षानुवर्षे टिकली.

रॅपमध्येच हे इतके का होते, याला कारणे आहेत. ही मुले फार लहान वयात जातात; कोणी गोळीने, कोणी व्यसनाने. काम मात्र भराभर करतात. रोज रात्री दोन-तीन तुकडे ध्वनिमुद्रित करून ठेवायचे, आवडेल ते पुढे न्यायचे आणि बाकीचे पडू द्यायचे. शिवाय इथे आवाज निराळा आणि वाद्यांचा ठेका निराळा नोंदलेला असतो. खयाल गाणाऱ्या बुवांचा आवाज तबल्या-तंबोऱ्यातून सोडवून काढणे अवघड. रॅपवाल्याचा आवाज मात्र एका ठेक्यावरून उचलून दुसऱ्यावर सहज ठेवता येतो. माणूस जातो आणि मागे सुट्या आवाजांची पेटी राहते. त्या पेटीची किल्ली कोणाकडे, यावर पुढचे सारे रामायण.

या मागून निघालेल्या गाण्यांच्या मला तीन जाती दिसतात.

पहिली जात पुऱ्या झालेल्या कामाची. नोटोरियस बी.आय.जी. या गायकाचा खून ९ मार्च १९९७ ला झाला, आणि त्याने स्वतः तयार करून ठेवलेला अल्बम सोळाच दिवसांनी बाजारात आला. त्याचे नाव होते 'लाइफ आफ्टर डेथ', मरणानंतरचे जीवन! इथे वादाला जागा नाही. कवीने हातावेगळे केलेले काम लोकांच्या हाती पोचले, इतकेच. आपले राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला गेले. 'भावबंधन' त्यांनी मरणापूर्वी पुरे केले होते. ते रंगभूमीवर आले ते गडकऱ्यांच्या मागे. प्रेक्षक हसले, रडले, आणि नाटककार पडद्याआड कायमचा गेला आहे या जाणिवेने अधिकच रडले.

दुसरी जात अर्धवट कामाची, पण विश्वासू हाताने पुरे केलेल्या. पिट्सबर्गचा मॅक मिलर ७ सप्टेंबर २०१८ ला सव्विसाव्या वर्षी वारला. त्याच्या हातातला 'सर्कल्स' अर्धा राहिला होता. त्याच कामात त्याच्याशेजारी बसणाऱ्या जॉन ब्रायन या संगीतकाराने तो पुरा केला, आणि घरच्या मंडळींनी जानेवारी २०२० मध्ये तो प्रसिद्ध केला. चाहत्यांनी तो डोक्यावर घेतला, कारण त्यात पाहुण्यांची गर्दी नव्हती. मित्राने मित्राचे राहिलेले वाक्य हलक्या आवाजात संपवावे, तसे ते काम होते. आपल्याकडे याहून थोर उदाहरण आहे. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ ला जळगावात गेल्या. अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्या माणसांनी ऐकून उतरवून ठेवली होती. ती वही सोपानदेवांनी संकोचतच आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांना ते अस्सल सोने वाटले, आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' महाराष्ट्रापुढे आली. तिची खानदेशी बोली कोणी पुणेरी करून टाकली नाही, हे त्या पुस्तकाचे मोठे भाग्य आणि आपलेही.

तिसरी जात मात्र दुःखद. दहा ओळींचा आवाज सापडायचा, त्याभोवती वीस पाहुणे गायक उभे करायचे, नवा ठेका लावायचा आणि वर नाव मेलेल्याचे घालायचे. टुपाकच्या २००४ च्या अल्बममध्ये त्याच्या आवाजाची गती आणि पट्टी ठेक्याला बसावी म्हणून बदलण्यात आली. कान तयार असलेल्या चाहत्यांना तो आपला टुपाक वाटेना. न्यू यॉर्कचा पॉप स्मोक फेब्रुवारी २०२० मध्ये विसाव्या वर्षी मारला गेला. त्याचा पहिला अल्बम त्याच वर्षी जुलैत निघाला. त्याचे मुखपृष्ठ चाहत्यांना आवडले नाही. त्यांनी अर्जावर सह्या गोळा केल्या आणि मुखपृष्ठ बदलायला लावले! पुढच्या वर्षीचा दुसरा अल्बम आला तेव्हा तक्रार निराळी होती: यात आमचा माणूस थोडा आणि पाहुणेच फार.

आमच्याकडे ही तिसरी जातही जुनी आहे. 'तुका म्हणे' एवढे शेवटी घातले की झाला अभंग! तुकोबांच्या गाथेत किती अभंग तुकोबांचे आणि किती मागाहून भाविकांनी घातलेले, याचा निवाडा करताना अभ्यासकांची आयुष्ये खर्ची पडली. ते घालणारे लबाड होते असे मला वाटत नाही. बहुतेक जण चाहते होते. तुकोबांनी आणखी थोडे बोलायला हवे होते असे त्यांना वाटले, आणि तुकोबा बोलत नाहीत हे पाहून तेच बोलले.

कावळा कुणाला शिवतो?

दहाव्याला घाटावर पिंड मांडतात आणि सारे कावळ्याकडे डोळे लावून बसतात. कावळा शिवेना झाला की कुजबूज सुरू होते, गेलेल्याची कसली इच्छा राहिली असेल? कुणी म्हणतो धाकटीचे लग्न, कुणी म्हणतो बांधाचा वाद. जो तो आपल्याच मनातले बोलतो आणि ते मृताच्या खात्यावर मांडतो. मागून निघणाऱ्या गाण्यांचेही तसेच. घरचे म्हणतात त्याची हीच इच्छा होती, कंपनी म्हणते त्याची हीच इच्छा होती, आणि चाहते तर शपथेवर सांगतात.

कायद्याला विचारावे, तर तो हक्क कोणाचा ते सांगतो. आपल्या देशात लेखकाच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या कृतीचा हक्क वारसांकडे राहतो. मूसेवाला गेल्यावर, ज्यांच्याकडे त्याची पुरी-अपुरी गाणी असतील त्यांनी ती परस्पर बाहेर काढू नयेत, वडिलांच्या स्वाधीन करावीत, असे आवाहन करण्यात आले. एक गाणे मुंबईहून प्रसिद्ध होण्याच्या बेतात होते, तर आईवडिलांनी मानसाच्या न्यायालयात जाऊन ते थांबवले. टुपाकच्या आईनेही लेकाच्या गाण्यांचा हक्क मिळवण्यासाठी असाच झगडा दिला होता. ज्या आईने मुलाला बोलायला शिकवले, तिलाच शेवटी त्याच्या शब्दांची राखण करीत बसावे लागते.

पण हक्क कळला म्हणून इच्छा कळत नाही. अँडरसन पाक नावाच्या अमेरिकन गायकाने यावर तोड काढली. मी गेल्यावर माझ्या नावाने अल्बम किंवा गाणी काढू नका, ते नुसते कच्चे खर्डे होते, लोकांनी ऐकावेत म्हणून नव्हते, अशा अर्थाचा मजकूर त्याने २०२१ मध्ये आपल्या हातावरच गोंदवून घेतला! मृत्युपत्रासाठी वकिलाऐवजी गोंदणाऱ्याकडे जाणारा हा मनुष्य मला मोठा शहाणा वाटला.

आता तर आणखी एक संकट आले आहे. मेलेल्याचा आवाज यंत्राला ऐकवायचा, की यंत्र त्या आवाजात हवे ते बोलते. एप्रिल २०२४ मध्ये ड्रेक या गायकाने दुसऱ्या एकाशी चाललेल्या शाब्दिक भांडणात टुपाकचा असा यंत्राने घडवलेला आवाज वापरला. टुपाकच्या वारसांनी वकिलाची नोटीस पाठवली आणि ते गाणे मागे घ्यावे लागले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला आजच्या भांडणात साक्षीला उभे करायचे, ही कुठली रीत?

हे वाचताना मला एकनाथ महाराज आठवले. ज्ञानेश्वरी १२९० ची. पुढे तीनशे वर्षांत नकलाकारांनी आणि भक्तांनी तिच्यात इतकी भर घातली होती की मूळ कोणते ते कळेना. नाथांनी १५८४ मध्ये ती शुद्ध केली. नाथ स्वतः महाकवी. त्यांना ज्ञानेश्वरांच्या वळणाच्या ओव्या रचणे अवघड नव्हते. पण त्यांनी आपली एक ओवीही त्यात मिसळली नाही. उलट पुढच्यांना बजावले की, यात जो आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील. यापेक्षा नेमका नियम मला कुठल्याही वकिलाच्या नोटिशीत सापडला नाही.

हे सारे मी वर्गात सांगू लागले, मुलांना आवडलेही. सांगणे सोपे असते.

एक वही आणि एक मोबाईल

माझ्या भाच्याचा एक मित्र होता. मंद्रूपच्या पलीकडच्या एका खेड्यातला, आमच्याच महाविद्यालयात बी.ए.ला. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा. तो रॅप करी. गोधडी डोक्यावरून घेऊन आत मोबाईलवर बोलायचा, म्हणजे सडकेवरच्या गाड्यांचा आवाज येत नाही, अशी त्याची ध्वनिमुद्रणशाळा. एकदा तास संपल्यावर तो माझ्यामागे आला. "मॅडम, एक ऐकता का? दोनच मिनिटांचं आहे." माझ्या हातात तपासायचा गठ्ठा होता. मी म्हणाले, "परीक्षा होऊ दे, मग निवांत ऐकू."

२०२४ च्या पावसाळ्यात आठ दिवसांच्या तापाने तो गेला.

त्यानंतर त्याचा मोबाईल घेऊन भाचा आणि आणखी चार मुले माझ्याकडे आली. त्यात अकरा तुकडे होते. चार पुरे, बाकीचे अर्धवट. तो असताना ती गाणी त्याच्या पाचसहा मित्रांनी ऐकली होती. गेल्यावर मात्र त्यांतले एक तालुकाभर फिरले. लोक रडत होते, 'केवढा मोठा कलावंत' म्हणत होते. या रडण्यात प्रेम होते, आणि आपण वेळेवर ऐकले नाही याची बोचही होती. मूसाला जाणाऱ्या गर्दीत आणि टुपाकच्या चाहत्यांतही ही बोच थोडीफार असणार, असे मला त्या दिवशी वाटले. माझी स्वतःची तर होतीच.

त्यांतला एक तुकडा सगळ्यांत चांगला होता. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांवरचा. तो ऐन भरात असताना मध्येच आईची हाक ऐकू येते, चहा निवतोय म्हणून. तो अडखळतो, हसतो, "आलो, आलो" म्हणतो, आणि तुकडा संपतो.

भाचा म्हणाला, "आत्या, आईची हाक कापून टाकू. आणि पुढच्या ओळी तू लिही. त्याचा आवाज यंत्रावर तयार होतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

त्याच्या डोळ्यांत पाणी होते, म्हणून मी रागावले नाही. मी त्याला नाथांची गोष्ट सांगितली. कुणाला कळणार नाही, हाच तर त्यातला धोका, असेही सांगितले. पोरे समजूतदार, ती ऐकून घेऊन गेली. मला माझाच अभिमान वाटला.

मग त्याच्या पुऱ्या गाण्यांपैकी एक आमच्या वार्षिकांकात छापायचे ठरले. मजकूर मी उतरवून काढला. तो 'हुतं' म्हणत असे. मी 'होते' केले. एका ठिकाणी वचन चुकले होते, ते नीट केले. एक ओळ मात्रेला लांब होती, तिच्यातला एक शब्द उडवला. वर्षानुवर्षे लाल शाई धरलेला हात; त्याला कळलेही नाही आपण काय केले ते.

अंक घेऊन मी आणि भाचा त्याच्या आईकडे गेलो. तिला वाचता येत नाही. भाचा वाचून दाखवू लागला. तिसऱ्या ओळीला तिने हात वर केला.

"हे कुणी लिवलं?"

"त्याचंच आहे की, काकू," भाचा म्हणाला.

"नाही. आमचा पोरगा 'हुतं' म्हणायचा वो. 'होते' कधी म्हणला त्यो?"

मी मान खाली घातली. बहिणाबाईंची बोली जशीच्या तशी ठेवली म्हणून दरवर्षी वर्गात गौरव करणारी मी! यंत्राला नको म्हटले आणि यंत्राचेच काम माझ्या लेखणीने केले. मी तिला खरे ते सांगितले, चूक माझी आहे म्हणाले. ती रागावली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मॅडम, त्या दुसऱ्या गाण्यात मी हाक मारलीय बघा चहाला. ती पोरं काढून टाकू म्हणत हुती. तेवढं काढू नका वो. त्यानं मला 'आलो' म्हणलंय त्याच्यात."

आम्ही ते काढले नाही. चार पुरी गाणी मित्रांनी जशी होती तशी लोकांपुढे ठेवली. ते अपुरे गाणेही आईच्या सांगण्यावरून तसेच ठेवले, हाकेसकट, हसण्यासकट. बाकीचे सहा तुकडे मोबाईलमध्येच राहिले. ते ऐकायचे की नाही, हे तिच्यावर. ती तो मोबाईल रोज न चुकता चार्जिंगला लावते. वार्षिकांकाच्या माझ्या प्रतीत मी लाल शाईने 'होते' खोडून 'हुतं' केले आहे.

कुडलची एक ओळ

त्याच वर्षीच्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, मी भाच्याला घेऊन हत्तरसंग-कुडलला गेले. आमच्या दक्षिण सोलापूर तालुक्यातच, भीमा आणि सीना यांच्या संगमावर ते देऊळ आहे. तिथल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला, आणि मराठीच्या अगदी आद्य शिलालेखांत त्याची गणना होते. हे जो वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात आहे. हजार वर्षांपूर्वी गेलेल्या कोणा माणसाने, अजून जन्मालाही न आलेल्या वाचकाला दिलेला तो आशीर्वाद.

भाचा बराच वेळ वर पाहत उभा होता. "आत्या, अशा लेखात अक्षरं पुसली असली तर काय करतात?"

"तिथे टिंबे देतात."

"अंदाजाने भरत नाहीत?"

"अंदाज खाली, वेगळा लिहितात. ओळीत टिंबेच."

तो काही बोलला नाही. परतताना अंधार पडला होता. मंद्रूपच्या अलीकडे त्याने ते मित्राचे अपुरे गाणे लावले. ऊसतोडीच्या बाया आल्या, आईची हाक आली, हसणे आले, 'आलो, आलो' आले, आणि गाणे तुटले. एरवी एक गाणे संपण्याआधी दुसरे लावणारा हा मुलगा. त्या दिवशी त्याचा हात पुढे गेला नाही. घर येईपर्यंत आम्ही नुसता इंजिनाचा आवाज ऐकत राहिलो.